अटकेची वेळ आली तर: ठाण्यातल्या पहिल्या फोनपासून जामिनापर्यंत

फौजदारी प्रकरणात माणूस कोर्टाला घाबरतो, पण त्याचं बरंचसं कोर्टाची पायरी चढण्याआधीच, पोलीस ठाण्यातल्या कागदांवर ठरून गेलेलं असतं. कुठल्या कलमाखाली बोलावलं, किती वाजता ताब्यात घेतलं, अटकेची कारणं लेखी दिली का, सही कशावर घेतली. नंतर वकील कितीही नावाजलेला लावा, त्याला याच कागदांवर लढायचं असतं. म्हणून हा लेख आरोपीपेक्षा त्याच्या घरच्यांसाठी जास्त आहे. आत बसलेल्याचा मोबाइल काढून घेतलेला असतो. कागद आणि वेळ सांभाळायचं काम बाहेरच्यांनाच करावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. गुन्हा त्या तारखेआधी घडलेला असेल तर आरोप जुन्या दंड संहितेखालीच लागतो. कोर्टाच्या व्हरांड्यात अजून ‘एक्केचाळीस अ’ (अटकेआधीची नोटीस), ‘चारशे अडतीस’ (अटकपूर्व जामीन) असेच जुने आकडे ऐकू येतात, त्यांनी गोंधळून जाऊ नका. खाली दिलेली कलमं नागरिक सुरक्षा संहितेची आहेत. जिथे तसं नाही, तिथे वेगळं सांगितलं आहे.

‘जरा ठाण्यात येऊन जा’

सुरुवात बहुतेक वेळा अशा फोनने होते. घाबरून लगेच निघू नका आणि फोन बंद करून गावीही जाऊ नका. फोन करणाऱ्याचं नाव, हुद्दा, पोलीस ठाणं आणि गुन्हा रजिस्टर नंबर विचारून लिहून घ्या. नंबर नसेल तर ती बहुधा नुसती ‘अर्ज चौकशी’ असते. म्हणजे कुणीतरी तक्रार अर्ज दिलाय, गुन्हा अजून दाखल नाही. अशा वेळी आपलं म्हणणं लेखी द्यावं आणि प्रतीवर पोच घ्यावी.

गुन्हा दाखल असेल तर दुसरा प्रश्न: साक्षीदार म्हणून बोलावताय की संशयित म्हणून? साक्षीदाराला कलम १७९ खाली लेखी आदेशाने बोलावतात. स्त्रिया, १५ वर्षांखालचे मुलगे, साठीच्या पुढचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं आणि सत्तरीच्या आजोबांना बाकावर चार चार तास बसवून ठेवलं जातं.

संशयित असाल आणि गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा असेल, तर पोलिसांनी थेट अटक करू नये, आधी कलम ३५(३) ची नोटीस द्यावी, हा नियम आहे. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो ठणकावून सांगितला आणि २०२२ च्या सतेंदरकुमार अंतिल निकालात पुन्हा सांगितला. नोटीस पाळत राहिलात तर अटक करता येत नाही, आणि करायचीच असेल तर तपास अधिकाऱ्याला कारणं नोंदवावी लागतात. नोटीस धुडकावली तर मात्र अटकेचा रस्ता तुम्हीच मोकळा करून देता. दिलेल्या तारखेला जमत नसेल तर कारणासह लेखी मुदत मागा. तोंडी ‘साहेबांशी बोलणं झालंय’ याला कागदावर काही किंमत नाही. ही नोटीस नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तरी अशी नोटीस आलीच तर दुर्लक्ष करू नका. वकिलामार्फत ‘रीतसर नोटीस द्या, आम्ही हजर राहतो’ असं लेखी कळवा. पुढे अटकेवर वाद झाला तर हे पत्र उपयोगी पडतं.

याच टप्प्यावर प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर, मिळवा. २०१६ च्या निकालानुसार तो २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा आणि ठाणं निवडून तो उतरवून घेता येतो. लैंगिक गुन्हे, पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचार), दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांत तो टाकत नाहीत. तेव्हा वकिलामार्फत अर्ज करून प्रत घ्यावी लागते. तो हाती आल्याशिवाय कुठलाही वकील ‘जामीन होईल’ असं सांगू लागला तर समजून घ्या की तो अंदाजाने बोलतोय.

अटकेची खरी शक्यता दिसत असेल तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन. अर्ज आधी सत्र न्यायालयात करतात, तिथे नाकारला तर उच्च न्यायालयात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे. गुन्हा दुसऱ्या राज्यात दाखल असेल, समजा तुम्ही पुण्यात आणि एफआयआर राजस्थानात, तर तिथल्या कोर्टात पोहोचेपर्यंतचं तात्पुरतं संरक्षण इथल्या कोर्टाकडे मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली आहे. अ‍ॅट्रॉसिटी, मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी) आणि यूएपीए (बेकायदा कारवायांविरोधी) या कायद्यांनी मात्र अटकपूर्व जामिनाला दार बंद केलंय. अ‍ॅट्रॉसिटीत, तक्रारीवरून सकृद्दर्शनी तो गुन्हाच होत नसेल, तर थोडी फट उरते.

ताब्यात घेतलं, आता घड्याळ बघा

अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा पंचनामा किंवा फॉर्म जागेवर भरायचा असतो. त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि आरोपीचीही (कलम ३६). घरच्या माणसाला किंवा मित्राला कळवणं हेही पोलिसांचं काम आहे. या गोष्टी १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आल्या आणि नंतर कायद्यात उतरल्या.

या फॉर्ममध्ये अटकेची तारीख आणि वेळ लिहायचा एक रकाना असतो. अर्ध्या केसेसचं मर्म त्या एका रकान्यात असतं. माणसाला दुपारी तीनला घरातून उचललेलं असतं, ‘विचारपूस’ म्हणून ठाण्यात बसवून ठेवलेलं असतं, आणि फॉर्मवर वेळ पडते रात्री सव्वाअकरा. कलम ५८ आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(२) प्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचं असतं. पोलीस ते २४ तास सव्वाअकरापासून मोजतात. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र १९९० मध्येच सांगून ठेवलंय की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं तिथून अटक सुरू होते, कागदावर काय वेळ टाकली त्यावरून नाही.

हे सिद्ध करायचं तर त्याच वेळी काहीतरी लेखी झालेलं हवं. माणूस नेला की पाच मिनिटांत वकिलाला मेसेज करा: कोण, कुठून, किती वाजता, कुठल्या गाडीतून नेलं. ठाण्यात नाही असं सांगत असतील तर ११२ ला फोन करा आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या कार्यालयाला ईमेल टाका. या सगळ्यावर वेळ आपोआप पडते. ठाण्यातले सीसीटीव्ही कॅमेरे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सक्तीचे केलेत. त्या दिवसाचं फुटेज जपून ठेवावं असा अर्ज कोर्टात लगेच करा. महिन्याने केलात तर ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर ठरलेलं.

दुसरा कागद अटकेच्या कारणांचा. इथे गेल्या दोन-तीन वर्षांत कायदा फार पुढे गेलाय आणि घरच्यांनी तो समजून घ्यायलाच हवा. अटक करताना पोलीस छापील मजकूर देतात: ‘आरोपी पुरावा नष्ट करण्याची शक्यता आहे, साक्षीदारांवर दबाव आणेल, तपासात सहकार्य करत नाही.’ हा मजकूर कुणालाही लागू पडेल. प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एवढ्याने भागत नाही. या माणसाने कुठल्या दिवशी काय केलं म्हणून त्याला धरलंय, हे त्याला लेखी कळलं पाहिजे. तो निकाल यूएपीएपुरता, असं काही काळ सरकारी पक्ष म्हणत राहिला. ६ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वादही मिटवला. गुन्हा कुठल्याही कायद्याखालचा असो, कारणं लेखी द्यायची आणि आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्यायची. अटकेच्या क्षणी ते शक्य झालं नाही, तर निदान रिमांडसाठी (कोठडी मागायला कोर्टापुढे) हजर करण्याच्या दोन तास आधी द्यायची. ते न झाल्यास अटक बेकायदा ठरते. म्हणून कारणांचा कागद मागा. दिला नाही तर पहिल्याच रिमांडला वकिलाने तो मुद्दा उठवून नोंदवून घ्यावा. पुढे सुचलं आणि मग मांडलं, तर जोर कमी होतो.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची असते. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या किंवा विकलांग माणसाला उपअधीक्षक दर्जाच्या परवानगीशिवाय अटक नाही. आणि मुलगा अठराच्या आत असेल तर त्याचं सगळंच वेगळं आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ठाण्यात धावा, बाकी सगळं नंतर.

आत किती बोलायचं, सही कशावर करायची

नाव, पत्ता खरा सांगायचा. स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नांवर गप्प राहण्याचा हक्क अनुच्छेद २०(३) ने दिलाय. ‘वकिलांशी बोलल्यावर सांगतो’ एवढं शांतपणे म्हणता येतं. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही (कलम ३८).

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे सिनेमे बघून सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा अपवाद फारसा कुणाला ठाऊक नसतो आणि माणसं तिथेच अडकतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम २३ प्रमाणे, आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या वस्तूपुरतं त्याचं बोलणं कोर्टात चालतं. म्हणून पोलीस दोन पंचांसमोर ‘निवेदन पंचनामा’ करतात: ‘मी चाकू लपवलेली जागा दाखवतो.’ त्यावर आरोपीची सही घेतात. याउलट तपासात घेतलेल्या साध्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कायद्यातच तसं लिहिलंय (कलम १८१). त्यामुळे सहीसाठी कागद पुढे आला की तो कसला आहे ते विचारा आणि पूर्ण वाचा. कोऱ्या कागदावर सही नाही. वाचू दिलं नाही तर सहीखाली ‘वाचून दाखवले नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहा. मोबाइल जप्त केला तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय क्रमांक आलाय का बघा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता कलम १०५ ने बंधनकारक आहे.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होतेच. डॉक्टरसमोर पोलीस उभा असतो, तरी मारहाण झाली असेल तर तिथेच सांगायचं आणि केस पेपरवर लिहायला लावायचं.

कुणी ‘साहेबांना देऊन मिटवतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. असे पैसे घेणारा मध्यस्थ बहुतेक वेळा साहेबांपर्यंत पोहोचतही नाही, हा भाग वेगळा.

पहिला रिमांड

दुपारच्या सत्रात, बाकीच्या कामांच्या गर्दीत, आरोपीला पुढे उभं करतात. दंडाधिकारी वर बघून विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” मागे दोन फुटांवर तपास अधिकारी उभा असतो, संध्याकाळी पुन्हा त्याच्याच ताब्यात जायचं असतं, आणि आरोपी पुटपुटतो, “नाही साहेब.” ती ‘नाही’ रोजनाम्यात किंवा रिमांड अहवालावर नोंदली जाते आणि पुढे मारहाणीची प्रत्येक तक्रार तिच्यावर आपटते. संपूर्ण प्रक्रियेत आरोपीला स्वतःच्या तोंडाने बोलायची इतकी मोक्याची संधी पुन्हा लवकर येत नाही. मारलं असेल, जेवण किंवा औषध दिलं नसेल, आदल्या दिवशीच धरलं असेल, तर तिथेच सांगायचं.

वकील नसेल तर तसंही सांगा. पहिल्यांदा हजर केल्यापासूनच मोफत वकिलाचा हक्क लागू होतो आणि तो सांगणं हे दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अजमल कसाबच्या खटल्यातच नमूद केलं. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं लोकअभिरक्षक कार्यालय आता बऱ्याच ठिकाणी पूर्ण वेळ हेच काम करतं. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, हा समज मला तरी पटत नाही. ही मंडळी रोज रिमांड आणि जामीनच करत असतात.

पोलीस कोठडी, बोलीत पीसीआर, एकूण १५ दिवसांपर्यंतच. पूर्वी ती पहिल्या पंधरवड्यातच संपायची. कलम १८७ ने ती पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागायची मुभा दिली आहे. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण एमसीआर म्हणजे जामीन नव्हे, तुरुंगात रवानगी. जामिनाचा अर्ज त्यानंतर करायचा. पुढे कधीतरी पीसीआर लागेल एवढ्या कारणावर जामीन नाकारता येत नाही, हे कलम ४८० मध्येच आहे.

जामीन आणि तारखांचा हिशेब

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, ठाण्यातच मिळतो. ऐपत नसणाऱ्याला आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर जातमुचलक्यावर (स्वतःच्याच हमीवर) सोडावं लागतं (कलम ४७८). अजामीनपात्र गुन्ह्यात दंडाधिकारी, सत्र न्यायालय, उच्च न्यायालय अशी चढण. जन्मठेपेच्या गुन्ह्यात वकील बहुधा सत्रापासूनच सुरुवात करतात.

एक जामीन मात्र गुणदोषांवर अवलंबून नसतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि बाकीच्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला सुटण्याचा हक्क मिळतो. दिवस अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून मोजायचे, आणि रिमांडचा दिवस धरून. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. मोक्का, यूएपीएत सरकारी वकिलाच्या अहवालावर कोर्ट ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. हक्क आपोआप मिळत नाही, दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करावा लागतो. एल्गार परिषद प्रकरणात १ डिसेंबर २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने सुधा भारद्वाज यांना हाच जामीन दिला. त्याच प्रकरणातल्या इतर आठ जणांना नाकारला, कारण त्यांनी वेळेत तसा अर्ज केलेला नव्हता. तेव्हा कॅलेंडरवर साठावा आणि नव्वदावा दिवस लाल पेनाने खुणा करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडताच वकिलाला तिथे उभं करा.

खटला रेंगाळला तर कलम ४७९ आहे. पूर्वी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मी मुदत आत काढली असेल तर सुटका मागता येते. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक केसेस चालू असणाऱ्यांना हे लागू नाही.

जामीन मंजूर झाला त्या संध्याकाळी माणूस घरी येईल असं धरू नका. जामीनदार लागतो. त्याचं आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो आणि ऐपतीचा पुरावा: सातबारा, घरपट्टीची पावती, पगारपत्रक किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. मुंबई-पुण्यात भाड्याने राहणाऱ्याला गावाकडचा सातबारावाला आणावा लागतो आणि त्यात आठवडा जातो. म्हणून जामीन अर्जातच ‘तूर्त रोख जामिनावर सोडावे, जामीनदारासाठी चार आठवडे मुदत द्यावी’ अशी मागणी घालून ठेवा. कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे धंदेवाईक जामीनदार घेऊ नका. कागद खोटे निघाले की जामीन तर जातोच, वर नवा गुन्हा दाखल होतो. आदेश होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. हे निर्देश ३१ जानेवारी २०२३ चे आहेत, अर्जात तारखेसह लिहा.

दोषारोपपत्र आल्यावर

प्रती १४ दिवसांत मोफत मिळायला हव्यात (कलम २३०). वकिलाकडे द्यायच्या आधी स्वतः एकदा सगळं वाचा. कुठला साक्षीदार त्या दिवशी गावातच नव्हता, कुठल्या पंचाचं फिर्यादीशी नातं आहे, हे वकिलाला कळणार नाही, तुम्हालाच कळेल. समासात पेन्सिलीने लिहून ठेवा. पुरावाच नसेल तर दोषमुक्तीचा (खटला चालण्याआधीच आरोपातून सुटण्याचा) अर्ज करता येतो. त्याला आता ६० दिवसांची मुदत आहे: दंडाधिकाऱ्यांकडे प्रती मिळाल्यापासून, सत्र खटल्यात प्रकरण तिकडे वर्ग झाल्यापासून. मिटण्याजोगं कौटुंबिक प्रकरण असेल तर दोघांच्या संमतीने कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात एफआयआर रद्द करून घेता येतो.

नंतर उरतात तारखा. ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये केसचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर) टाकून ठेवा, पुढची तारीख त्यात दिसते. आजारी असाल तर त्याच दिवशी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला द्या. अर्ज न देता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं. तसं झालंच तर पोलीस दारात यायची वाट न बघता स्वतः कोर्टात उभे राहा आणि वॉरंट रद्दचा अर्ज द्या. स्वतःहून आलेल्याचं वॉरंट बहुतेकदा थोडी रक्कम भरून त्याच दिवशी रद्द होतं. धरून आणलेल्याची रवानगी तुरुंगात होऊ शकते.